मिनिटाला बारा रुपये

सकाळी ८.१०

श्रावणातला सोमवार. रात्रभर धो धो पाऊस, आता नुसती रिपरिप. असल्फ्याच्या डोंगरावरच्या पायऱ्या शेवाळल्यात, म्हणून दादा भिंतीला हात टेकत उतरतात. खाली आलं की दोन वाटा. मेट्रोनं साकीनाका पुढचंच स्टेशन, दहा रुपये. चालत गेलं तर वीसेक मिनिटं, फुकट. दादा चालतात. मेट्रोच्या पुलाखालून गेलं की डोकंही फारसं भिजत नाही. जाऊन-येऊन महिन्याचे पाचशेवीस वाचतात. मुलीच्या क्लासची निम्मी फी त्यातच निघते.

एका हातात छत्री. दुसऱ्या हातात पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, बॅटरीवाल्याकडून कालच घेऊन ठेवलेला. नव्वद रुपये. पावती खिशात आहे, कारण शेठ पावतीशिवाय पैसे देत नाहीत. दर पाचशे पावलांनी कॅन या हातातून त्या हातात जातो.

सकाळी ८.४०

इंडस्ट्रियल इस्टेटचा पहिला मजला. गुड्स लिफ्ट बंद, म्हणून कॅनसकट जिना. शटर वर गेलं की पहिला येतो तो वास: जळालेल्या लाकडाचा, आणि त्याखाली ॲक्रिलिकचा गोडसर, नाकात बसणारा. चारशे चौरस फुटांचा गाळा, भाडं महिना ४२ हजार. दोन लेझर मशीनं समोरासमोर, मधे कॉम्प्युटरचं टेबल. भिंतीला शीटा उभ्या टेकवलेल्या. कोपऱ्यात गणपतीचा फोटो आणि अग्निशामक सिलिंडर, दोन्ही एकाच खिळ्यांच्या रांगेत.

इथे सगळे त्यांना दादाच म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेले शेठसुद्धा. वय ४२. मूळ पाटण तालुक्यातले. आधी पॅन्टोग्राफवर पितळी नेमप्लेटी कोरायचे; हातानं अक्षर फिरवायचं, मशीन ते लहान करून पितळेवर उतरवायचं. ते काम संपलं तेव्हा लेझर शिकले. पगार २४ हजार, ओव्हरटाइम तासाला दीडशे.

काल रविवारी सुट्टी नव्हती. एक नंबर मशीनची ट्यूब बदलायची होती. जुनी उतरवून नवी बसवली, वायरीच्या टोकाला सिलिकॉन भरलं आणि रात्रभर सुकायला सोडलं. घाई केली तर ओल्या सिलिकॉनमधून वीज बाहेर पडते. दादा मेन स्विच बंद आहे ना हे दोनदा बघतात, मग मागचं झाकण उघडून सिलिकॉनला बोट लावतात. सुकलंय.

ट्यूब काचेची. सुमारे दीड मीटर लांब, हाताच्या पंज्याएवढी जाड. जवळून बघितली की कळतं, ही एक काच नाही, तीन आहेत. अगदी मध्ये करंगळीएवढी नळी. तिच्याभोवती पाण्याची नळी. त्याबाहेर वायूचा साठा. किंमत ३८ हजार. दादांच्या पगाराच्या दीडपटीहून जास्त. काल ती दोघांनी मिळून उचलली, तेव्हा कुणी बोलत नव्हतं म्हणे.

सकाळी ९.०५

हेल्पर पोरगा येतो. वय १९, खैराणी रोडला राहतो, पगार १३ हजार. पाच मिनिटं उशीर. दादा घड्याळाकडे बघतात, बोलत नाहीत. पोरगा न सांगता चिलरची टाकी उघडतो आणि कॅन ओततो.

चिलर म्हणजे छोटा फ्रिजच, पाणी थंड ठेवणारा. मशीन विकणारे सांगतात, पाणी जितकं थंड तितकी ट्यूब टिकते. दादा पावसाळ्यात आकडा २४ वर ठेवतात. कारण साधं आहे. पाणी फार थंड केलं की मुंबईच्या हवेत ट्यूबला घाम फुटतो. बाहेरून काच ओली झाली की वरची वीज नळीतून जायच्या ऐवजी ओल्या काचेवरून पळते. दोन पावसाळ्यांपूर्वी याच इस्टेटमधल्या एका गाळ्यात असाच पावर सप्लाय गेला. तेव्हापासून इथला आकडा कुणी बदलत नाही. आकड्याखाली स्केचपेननं लिहिलंय: हात लावू नये.

पाणी फिरायला लागतं. नळीत दोन बुडबुडे अडकलेत. बुडबुडा जिथे राहील तिथे काच तापेल, तडकेल. पाणी खालून शिरून वरून बाहेर पडलं पाहिजे, तरच हवा निघते. दादा मशीनची एक बाजू किंचित उचलतात, पोरगा खाली लाकडाचा तुकडा सरकवतो. एक बुडबुडा गेला. दुसऱ्यासाठी ट्यूबवर नखानं टकटक करावी लागते. गेला.

सकाळी ९.२५

मागचं झाकण उघडं ठेवून मशीन चालवायचं नसतं. पण नवी ट्यूब पहिल्यांदा पेटताना दादा बघतातच. मला म्हणाले, “तुम्ही मागं व्हा. हात खिशात घाला.”

पावर सप्लायमधून जाड लाल वायर ट्यूबच्या मागच्या टोकाला जाते. तिच्यात वीस हजार व्होल्टच्या आसपास. घरातल्या बोर्डात २३० असतात. करंट मात्र मिलीअँपिअरमध्ये मोजायचा, म्हणून नवखे बेफिकीर राहतात. “करंट थोडाच आहे,” दादा म्हणाले, “पण माणसाला पुरतो.”

पोरगा पल्सचं बटण दाबतो. मधल्या नळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ उमटते. गुलाबी, कडेला जांभळट. बटण सोडलं की नाहीशी. पुन्हा दाबतो, पुन्हा रेघ. दादा डोळे बारीक करून बघतात. रेघ नळीच्या बरोबर मधून जातेय. थरथर नाही. सुरसुर आवाज नाही. आला असता तर समजायचं, वीज कुठून तरी गळतेय. मिलीअँपिअरचा काटा २२ वर. झाकण बंद.

ही रेघ म्हणजे लेझर नव्हे. ही नुसती वायूत पेटलेली वीज. लेझरचा किरण तिच्यातूनच निघतो, पण तो डोळ्याला दिसतच नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या सुमारे पंधरा पट.

आत तीन वायू मिसळलेले असतात: कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, आणि सगळ्यांत जास्त हेलियम. विजेचा धक्का मोठ्या प्रमाणात नायट्रोजन खातो. त्याला तो प्रकाश करून सोडता येत नाही, म्हणून पोटात धरून ठेवतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू येऊन आदळला की त्याच्या हवाली करतो. दोघांच्या ऊर्जेचं माप जवळजवळ सारखं, त्यामुळे देवघेव फटक्यात होते. कार्बन डायऑक्साइड ती ऊर्जा किरण म्हणून टाकतो, आणि दोन टोकांचे आरसे त्याला मागे-पुढे नाचवून वाढवतात. स्लॅब पडताना घमेल्यांची रांग लागते, तसं हे काम आहे. भरलेली घमेली वर जाताना सगळे बघतात. रिकामी खाली आली नाहीत तर मात्र मिक्सर थांबतो. रिकामी परत आणायचं काम हेलियमचं. किरण टाकून झालेल्या रेणूंना तो पुन्हा तळाला आणतो आणि त्यांची उष्णता काचेपर्यंत पोचवतो. तिथून पाणी ती घेऊन जातं. घातलेल्या विजेचा थोडाच भाग किरण होतो. बाकी सगळी या पाण्यात.

दादांना हेलियमशी देणंघेणं नाही. पाणी तापलं की कट मरतो, एवढं त्यांना पक्कं माहीत आहे.

सकाळी ९.४५

आता आरसे जुळवायचे. किरण ट्यूबमधून निघून तीन आरशांवरून वळत लेन्सपर्यंत जातो. दिसत नाही, म्हणून तो कुठे पडतो हे जाळूनच बघायचं. दादा मास्किंग टेपचा तुकडा पहिल्या आरशाच्या चौकटीवर चिकटवतात.

“मार.”

टप्. टेपवर मुगाएवढा काळा डाग. थोडा डावीकडे. दादा ॲलन की घेऊन ट्यूबच्या क्लॅम्पचा स्क्रू पाव फेरा फिरवतात. नवा टेप.

“मार.”

मग दुसरा आरसा. मग तिसरा, बेडच्या चारही कोपऱ्यांत डोकं नेऊन. जवळच्या कोपऱ्यात डाग मधोमध आणि लांबच्या कोपऱ्यात खाली, असं चालत नाही. जवळचं जुळवलं की लांबचं बिघडतं. लांबचं जुळवलं की जवळचं. पाऊण तास हाच खेळ. वापरलेले टेपचे तुकडे दादा टेबलाच्या कडेला ओळीनं लावून ठेवतात, पोराला दाखवायला. पोरगा मोबाइलमध्ये फोटो काढतो. शिकायची पद्धत हीच. या पाऊण तासाचं बिल कुणालाच लागत नाही.

सकाळी १०.३५

पहिलं काम मखराचं. मुलुंडचं गिऱ्हाईक. आठ बाय चारची तीन एमएमची एमडीएफ शीट, सुताराकडून तीन तुकडे करून आणलेली; पूर्ण शीट बेडवर मावत नाही. कोरलमधली फाईल पेनड्राइव्हवर. दादा उघडतात आणि कपाळाला हात लावतात. कमानीच्या रेघा दोनदा काढल्यात, एकावर एक. तशीच चालवली तर मशीन तीच रेघ दोनदा कापेल आणि मिनिटं दुप्पट होतील. गिऱ्हाइकाला कळणारही नाही. दादा बसून जास्तीच्या रेघा पुसतात. वीस मिनिटं गेली. मी विचारलं, याचे पैसे? “फाईल साफ करायचे पैसे मागितले तर पुढच्या वर्षी शेजारच्या गाळ्यात जाईल.”

फोकस लावायला जाडीचा ठोकळा. वेग सेकंदाला २२ मिलिमीटर. ब्लोअर चालू, हवेचा पंप चालू, स्टार्ट. डोकं सरकायला लागतं. नोझलखाली दाण्याएवढा पिवळा ठिणगा पळतोय, मागे केसाएवढी काळी फट. जास्वंदीची पाकळी पूर्ण झाली की आतला तुकडा खालच्या जाळीवर टक् करून पडतो. हा टक् ऐकू आला म्हणजे कट आरपार आहे. दादा मशीनकडे पाठ करून दुसरी फाईल बघत असतात, पण कान इकडेच.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचं काम कातर-ब्लेडवाल्यांकडून लेझरवाल्यांकडे वळायला लागलं. आता श्रावण-भाद्रपद म्हणजे या गाळ्याची सुगी. चालू महिन्यात रोजचे दोन तास ओव्हरटाइम.

अडतीस मिनिटांत तीनही तुकडे कापून होतात. पोरगा एकेक भाग उचलतो, कडेची काजळी ओल्या फडक्यानं पुसतो, मग बारीक पॉलिश पेपर. त्याची बोटं साडेअकरापर्यंतच काळी झालीत. पुसायला तास लागतो. मीटर मात्र मशीनच्या मिनिटांवर चालतो, पुसण्याच्या नाही. मिनिटाला बारा रुपये.

दुपारी १२.१५

मरोळहून काका येतात. साठी उलटलेली. कॅफेच्या बोर्डासाठी पाच एमएमचं पारदर्शक ॲक्रिलिक कापून हवंय, अक्षरांच्या बाहेरून. त्यावर एलईडीची लवचिक पट्टी चिकटवतात आणि त्या बोर्डाला निऑन म्हणतात. आत निऑनचा अणूसुद्धा नसतो.

काकांनी खरा निऑन केलेला आहे. सरळ काचेची नळी गॅसच्या ज्योतीवर मऊ करायची, तोंडातल्या रबरी नळीनं हलकी फुंकर घालत वाकवायची, म्हणजे वळणावर ती चपटी होत नाही. मग आतली हवा काढायची. निऑन भरला की तांबडा, आर्गॉन आणि थेंबभर पारा घातला की निळा. पंधरा हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. हे काम बोटांच्या चटक्यांवर शिकायचं. आता ते एलईडीच्या कारखान्यात पट्टी कापून सोल्डर मारतात. पट्टी कुणीही वाकवतं, म्हणून पगारही कुणाहीएवढाच.

“नवी ट्यूब बसवली म्हणे?” काका विचारतात.

दादा झाकण थोडं उचलतात आणि पल्स मारतात. काका चष्मा कपाळावर नेऊन वाकतात. “अजून एकदा.” पुन्हा रेघ. “रंग बरोबर आहे. व्हॅक्यूम नीट मारलाय. वायूत भेसळ नाही.” चिनी ट्यूबला असा दाखला दुसरा कोण देणार?

वर बघितलं तर गाळ्यातले दिवेही एलईडीचे. जुन्या ट्यूबलाइटी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेत पेटणारी वीज, दोन वर्षांपूर्वीच काढल्या. रस्त्यावरचे बोर्ड गेले, छतावरच्या ट्यूबा गेल्या. या मजल्यावर विजेनं पेटणारा वायू आता या दोन झाकणांखालीच आहे, आणि तो कुणाला उजेड द्यायला पेटत नाही.

ॲक्रिलिकला वेग कमी, सेकंदाला १२ मिलिमीटर. कड चकचकीत निघते, पॉलिश लागत नाही. साडेनऊ मिनिटं. दादा नऊ धरतात. १०८ रुपये. काका शंभराची नोट आणि दहाचं नाणं देतात, दोन रुपये परत घ्यायला थांबतात.

दुपारी १.३०

दादांचा उपास. डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि अर्धं केळं. पोरगा खालून दोन वडापाव आणतो, चाळीस रुपये. मशीन बंद, चिलर चालूच. ब्लोअर थांबल्यावर कळतं, सकाळपासून आपण ओरडून बोलत होतो.

मी म्हटलं, दादा, ही ट्यूब ज्यानं शोधली तो माणूस बारामतीत जन्मला.

“बारामती? मग साहेबांच्या ओळखीचा असणार.”

नाव चंद्रकुमार पटेल. जन्म १९३८.

“पटेल कसे बारामतीत?” पोरगा विचारतो.

“का? आमच्या पाटणला लाकडाच्या वखारी कुणाच्या आहेत? पटेलांच्याच ना?” दादांनी तो प्रश्न तिथेच मिटवला.

मग मी उरलेलं सांगितलं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, १९५८ ला पदवी. तिथून अमेरिकेत स्टॅनफर्डला, १९६१ ला डॉक्टरेट. मग न्यू जर्सीतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत नोकरी. वायूत वीज खेळवून लेझर करता येतो हे तिथेच अली जावान आणि सहकाऱ्यांनी १९६० साली हेलियम-निऑन वापरून दाखवलं होतं. पण त्या किरणाची ताकद अगदी मामुली. पटेलांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड घेतला. नुसत्या त्याच्यातून फार काही निघेना. नायट्रोजन मिसळला, पुढे हेलियम, आणि किरणाला कापण्याइतकी ताकद आली. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास. १९९६ साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं.

दादांनी खिचडीचा घास संपवला. “पेटंट घेतलं असेल ना? मग आपल्या ट्यूबमागे त्यांना किती जातात?”

काहीच नाही. पेटंटाची मुदत केव्हाच संपली.

“म्हणूनच ३८ हजारांत येते.”

मग मोबाइलवर हिशोब निघाला. जुनी ट्यूब दहा महिने चालली. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला सरासरी पाच तास कटिंग. तेराशे तास, म्हणजे ७८ हजार मिनिटं. ३८ हजार भागिले ७८ हजार: मिनिटाला ४९ पैसे. बारा रुपयांतले ४९ पैसे ट्यूबचे. पोरगा म्हणाला, दादा, तुमचं काढू? २४ हजार, २६ दिवस, नऊ तास. मिनिटाला एक रुपया एकाहत्तर पैसे. “आणि तुझे?” पोरानं आकडा केला, बघितला, मोबाइल खिशात टाकला. ब्याण्णव किंवा त्र्याण्णव पैसे येतात. मी मनात केला होता.

दुपारी २.१५

दोन नंबर मशीन. हिची ट्यूब जुनी. पल्स मारला तर रेघ गुलाबी नाही, पांढरट. विजेच्या माऱ्यात कार्बन डायऑक्साइड फुटतो, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन होतो, आणि सगळाच पुन्हा जुळून येत नाही. मिश्रण बिघडत जातं. पाच एमएम ॲक्रिलिकला आता सेकंदाला सातच मिलिमीटर वेग झेपतो. करंट वाढवून वेग काढता येतो, पण तसं केलं की उरलेलं आयुष्य झपाट्यानं संपतं. म्हणून दोन नंबरवर कागदाचं काम: मुंजीच्या पत्रिका, तीनशे नग, जाळीदार कडा. कागदाला ताकद लागत नाही, नजर लागते. पत्रिकेचा कोपरा करपला की नग बाद. पोरगा प्रत्येक कागद ठेवतो, चार कोपऱ्यांना चुंबक, स्टार्ट, काढतो. तीनशे वेळा.

मधेच एक डिलिव्हरीवाला पांढरा बोर्ड घेऊन येतो. “सनबोर्ड आहे. चाळीस अक्षरं. साहेब म्हणाले अर्जंट.” दादा बोर्डाचा तुकडा मोडतात. खणातून तांब्याची तार आणि लायटर काढतात. तार लाल होईपर्यंत तापवायची, तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली. म्हणजे आत क्लोरिन आहे, पीव्हीसी आहे. लेझरनं कापलं तर निघणारा धूर आम्लाचा. बेडचे रूळ गंजतात, लेन्स जाते, छाती भरते ती वेगळीच.

“परत ने. राऊटरवाल्याकडे दे.”

“अहो, पैसे जास्त देतील ते.”

“गंज पण देतील.”

दुपारी ३.५५

एक नंबरवर आठ एमएम ॲक्रिलिक, ट्रॉफीचे तळ. पोरगा पत्रिकांत गुंतलेला, दादा फोनवर. आवाजात काहीतरी बदलतं. मला नाही कळलं, दादांना कळलं. हवेच्या पंपाची नळी नोझलवरून सटकली होती. हवा बंद झाली की वितळलेलं ॲक्रिलिक पेट घेतं. काचेआड बोटभर ज्योत, बघताबघता वीतभर.

दादा आधी इमर्जन्सी बटण मारतात, मग झाकण उघडतात. क्रम महत्त्वाचा. ओलं फडकं थपकन ज्योतीवर. धूर. संपलं. सिलिंडरला हात लावायची वेळ आली नाही. त्याची पावडर आरशांत गेली असती तर आजचा दिवस बुडालाच होता.

मग नोझल खोलून लेन्स काढतात. पिवळसर, दहाच्या जुन्या नाण्याएवढी नाही, जरा लहानच. झिंक सेलेनाइडची. साधी काच हा किरण जाऊच देत नाही, म्हणून ही महागडी. उजेडाकडे धरतात. मधे काळा ठिपका. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन मधून बाहेर, गोल गोल, न दाबता. ठिपका जात नाही. नवी लेन्स कपाटातून. अठराशे रुपये.

पोरगा गप्प उभा. नळीचा क्लिप सकाळी त्यानंच लावला होता. दादा एवढंच म्हणाले, “क्लिप लावल्यावर ओढून बघायचं.” मी नंतर विचारलं, शेठ कापतील का पगारातून? “कापत नाहीत. बोलतात. चार दिवस बोलतात. त्यापेक्षा कापलेलं बरं.”

आठ मिनिटं मशीन बंद. म्हणजे ९६ रुपये. लेन्स धरून १,८९६.

संध्याकाळी ५.३०

शेठ येतात. आल्या आल्या नवी ट्यूब बघतात, देवाला हात जोडतात, लेन्सचं कळल्यावर अपेक्षेप्रमाणे बोलतात. दहाच मिनिटांनी मखराचं गिऱ्हाईक हजर. स्क्रीनवर ३८ मिनिटं २० सेकंद. शेठ सेकंद सोडतात. ३८ गुणिले १२, ४५६.

“साडेतीनशे करा. गणपतीचं काम आहे.”

“गणपतीचंच आहे म्हणून लाइट बिल माफ होत नाही हो.”

चारशेतीसला तुटतं. गिऱ्हाईक कडेवरून बोट फिरवतो. स्वच्छ. खूश होऊन जातो. फाईल साफ केलेली वीस मिनिटं आणि पुसण्याचा एक तास त्याच्या रिक्षातून मुलुंडला गेला.

चहा येतो. चार कटिंग, चाळीस रुपये, शेठच्या खात्यावर. या गाळ्यात ताजा चहा पिताना तोंडात जळक्या लाकडाची चव येते. आठवड्याभरात ती कळेनाशी होते, असं पोरगा म्हणतो.

संध्याकाळी ७.२०

पत्रिका झाल्या. तीनशेतल्या सात बाद. मखरांची अजून दोन कामं कापून झालीत, उद्या पुसायची. दादा वहीत लिहितात: एक नंबर, २३६ मिनिटं. दोन नंबर, १४० मिनिटं. एकूण ३७६. बारानं गुणलं तर ४,५१२; घासाघीस वजा करून किती, ते शेठना माहीत. गाळ्याचं भाडं, दोघांचा पगार, दहा-अकरा हजारांचं वीजबिल हे सगळं याच वहीतून निघतं.

मग सफाई. बेडखालचा ट्रे ओढला की राख, ॲक्रिलिकच्या चकत्या, जास्वंदीच्या पोटातल्या शंभर पाकळ्या. ॲक्रिलिकचे तुकडे वेगळ्या गोणीत, ते किलोवर जातात. एमडीएफचा चुरा कुणी घेत नाही. ब्लोअरचा पाइप झटकायला पोरगा खिडकीबाहेर वाकतो आणि काळा होऊन परत येतो.

रात्री ८.१०

मशीन बंद केल्यावरही चिलर दहा मिनिटं चालू ठेवायचा. तोवर दादा जुन्या ट्यूबला वर्तमानपत्र गुंडाळतात. तिच्यावर मार्करनं तारीख लिहिलेली आहे, गेल्या दसऱ्याची. नव्या ट्यूबवर कालची तारीख कालच लिहिली. जुनी सकाळी भंगारवाल्याला दाखवली होती. त्यानं उचलून बघितली, वाजवून बघितली आणि परत ठेवली. या काचेचे पैसे येत नाहीत. विकणारा परत घेत नाही. सध्या ती शीटांच्या मागे उभी राहील, तिथे अशा आणखी दोन आहेत.

शटर खाली. पोरगा खैराणी रोडकडे, दादा असल्फ्याकडे. पाऊस वाढलाय. दादा स्टेशनच्या जिन्याकडे बघतात, छत्री उघडतात आणि चालायला लागतात. घरी जाऊन उपास सोडायचाय.

जाता जाता त्यांनी एक गोष्ट तुम्हाला सांगायला सांगितली आहे. लेझरचं मखर घ्याल तेव्हा कडेवरून बोट फिरवून बघा. तपकिरी कड चालते. बोटाला काजळी लागली तर बिनधास्त पुसून मागा. पुसायचे पैसे कुणी लावत नाही.